दोन दारांच्या गाडीची खंडेनवमी

माझ्या लाल गाडीविषयी तुमसरात ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांतली एकही खरी नाही. धानाच्या गिरणीचे इंजिन बसवून मी ती गाडी भंडाऱ्यापर्यंत धूर ओकत नेली, असे सांगणारी माणसे त्या काळी जन्मलेलीही नव्हती. गाडीचा खरा दोष माझ्या भाऊजींनी ओळखला, ही दुसरी हकिकत माझा भाचा प्रत्येक लग्नात पंगत बसण्यापूर्वी ऐकवतो, आणि लोक पाहुणचाराचा भाग म्हणून ती ऐकून घेतात. भाऊजी आता हयात नाहीत. ते जाईपर्यंत मी गप्प राहिलो असे मात्र कोणी समजू नये. ते समोर बसलेले असतानाही मी त्यांच्या तोंडावर हेच सांगत आलो आणि ते पान लावता लावता हसत. आता एकदा लिहूनच ठेवतो, म्हणजे ज्याला वाद घालायचा असेल त्याने कागदाशी घालावा.

आमचे घर गिरणीच्या मागे होते, किंवा गिरणी घराच्या पुढे होती. मधली भिंत एकच. सकाळी इंजिनघरात पट्टा चढला की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पितळी डबे थरथरू लागत, आणि तो थरकाप दिवसभर आमच्या तळपायांत असे. उसण्या, म्हणजे उकडून वाळवलेल्या, तांदळाचा वाफाळलेला, किंचित आंबूस वास आमच्या कपड्यांना, उशांना आणि माझ्या बहिणीच्या वेण्यांनाही येई. घरात सगळे ओरडूनच बोलत, कारण त्यावाचून ऐकू जात नसे. बाबूजींचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान तर इंजिनाने केव्हाच नेले होते. ते इंजिन कानाने नव्हे, तळहाताने ऐकत. चालत्या यंत्रावर हात ठेवून डोळे मिटत आणि मग सांगत, अमुक बेअरिंग पुढच्या आठवड्यात जाईल. आणि ते जाई. आजचे मिस्त्री संगणकाची वायर जोडून दोष वाचतात, त्याचे मला कौतुक आहे. पण एकदा तरी त्यांनी हात ठेवून पाहावा, असे मला वाटते.

बाबूजी थकत चालले होते. त्यांच्यानंतर इंजिनघर कोणाकडे, हा प्रश्न घरात कोणी उच्चारत नव्हते आणि सगळ्यांच्या मनात दुसरे काही नव्हते. माझे भाऊजी, बहिणीचे यजमान, करडी गावचे. लग्नानंतर दोन वर्षांनी ते आमच्याकडे राहायला आले आणि गिरणीत काम पाहू लागले. माणूस कष्टाळू, बोलण्यात मिठ्ठास, आणि बाबूजींच्या मर्जीतला. मी मुलगा होतो. पण आमच्या बाबूजींच्या लेखी मुलगा असणे ही काही पात्रता नव्हती. ते म्हणत, "ज्याले मशीन समजते, त्याची गिरणी. रक्तानं पट्टा फिरत नाही." ही परीक्षा कधी आणि कशी होणार हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. ती गाडीच्या रूपाने झाली.

नाकाडोंगरीच्या पलीकडे खाणीवर एक मोठे साहेब होते. ते नोकरी सोडून कायमचे निघाले आणि त्यांची गाडी मागे राहिली. विलायती, दोन दारांची, इतकी बसकी की शेजारी उभ्या माणसाचा हात सहज तिच्या टपावर टेकावा. पुढचे नाक लांब, मागे उतरते छप्पर, आणि मागच्या सीटवर माणसाऐवजी माणसाची पिशवी बसावी एवढीच जागा. धावण्यासाठी केलेली गाडी होती ती. सामान, सासुरवाडी किंवा शेत यांपैकी कशाचाही विचार तिच्या कर्त्याने केला नव्हता. म्हणूनच तिला गिऱ्हाईक नव्हते, आणि म्हणूनच ती मला परवडली. दोन हंगामांचा माझा वाटा मी बाबूजींकडून मागून घेतला. त्यांनी दिला, फक्त विचारले, "इंजन पाहिलं?" मी म्हणालो, "पाहिलं." आणि मी खरोखरच पाहिले होते. खाणीच्या चढावर ती गाडी मी स्वतः चालवली होती. तिसऱ्या गिअरमध्ये ती चढ अशी चढली की दुसऱ्यावर यावेच लागले नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण मी रंग पाहून भाळलो आणि डोळे मिटून गाडी घेतली, असा आरोप पुढे माझ्यावर झाला.

गाडी गिरणीच्या आवारात शिरली तेव्हा हमालांनी पोती खाली ठेवली. भाऊजी बाहेर आले, एक फेरी मारली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "बाकीची गाडी केव्हा येणार हाये?"

"एवढीच असते," मी म्हणालो.

"मागचे दरवाजे साहेबानं ठेवून घेतले का मंग? सामानात गेले असतीन."

हमाल हसले. माय हसली नाही; तिने गाडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आत बसून पाहिले. तिचे गुडघे हनुवटीला लागले. "पाटावर बसल्यावानी वाटते," ती म्हणाली, आणि ही त्या गाडीची आजवर झालेली सर्वांत न्याय्य परीक्षा होय.

पावसाळा होता आणि आवारात छप्पर असलेली जागा एकच होती. गिरणीच्या कडेला, भुसा फेकणाऱ्या पंख्याच्या नळीजवळ पत्र्याची एक पडवी होती. बाबूजी म्हणाले, तिथे लाव. मी लावली. गाडी उभी राहिली आणि तिच्यावर रात्रंदिवस भुसा उडत राहिला. मी रोज सकाळी फडक्याने झटकत असे. इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिरणीच्या घरात भुसा ही घाण नसते. तो आमच्या अंथरुणात होता, भाजीत होता, देवघरात होता. ज्या वस्तूतून आपण आयुष्यभर पाहतो, ती आपल्याला दिसत नाही.

पोळा होऊन गणपती बसेतो गाडीचा दम गेला. प्रथम चढावर, मग सपाटीवर. पाय दाबला की ती पुढे जाण्याऐवजी घुसमटल्यासारखी गुरगुरे आणि मागून काळा धूर सोडी. तुमसर रोड स्टेशनच्या वाटेवर एक दिवस मला सायकलवाल्याने मागे टाकले, आणि टाकताना वळून पाहिले.

रहीम मिस्त्रींना बोलावले. तुमसरातले निम्मे ट्रॅक्टर आणि सगळे टेम्पो त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी बॉनेट उघडले, बराच वेळ पाहिले. इथल्या मोटारींत हवा गाळणारा डबा इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असतो. या गाडीत तिथे नुसती एक वाकडी नळी होती आणि ती कुठेतरी आत, मडगार्डच्या पोटात नाहीशी होत होती.

"इसको फिल्टर नाही काय?" मी विचारले.

"विलायती गाडी हाय, मालक," ते म्हणाले. "तिथं धूळच नसते. फिल्टर कायले लावतीन ते?"

हे उत्तर आम्हां सर्वांना पटले. आज हसू येते, पण तेव्हा त्या पडवीत उभ्या असलेल्यांपैकी कोणीही विलायत पाहिलेली नव्हती, आणि ज्या देशात धूळ नाही अशा देशाची कल्पना आम्हांला मुळीच अशक्य वाटली नाही. मिस्त्रींनी प्लग काढले, पुसले, धूर पाहिला आणि निर्णय दिला: पिस्टन-रिंग गेल्या, इंजिन संपले, आणि याचे सुटे भाग मुंबईतही मिळणार नाहीत.

बाबूजींनी तळहात ठेवला, डोळे मिटले. "दम कोंडून राहिला इचा," ते म्हणाले. यापलीकडे त्यांनाही सांगता येईना. ते अनोळखी यंत्र होते. मग माझ्याकडे पाहून, न ओरडता, म्हणून मला जेमतेम ऐकू आले अशा आवाजात म्हणाले, "इंजन पाहिलं म्हणत होता तू." आणि वळून भाऊजींना हाक मारली, "जवाईबापू, इंजनघराची चाबी आजपासून तुमच्यापाशी राहू द्या. दसरा झाला की पाहू."

इंजिन बदलण्याची कल्पना भाऊजींची. गिरणीत एक जुने डिझेल इंजिन पडून होते. कुण्या उलटलेल्या टेम्पोचे, वीज गेली तर कामी यावे म्हणून घेतलेले. त्या काळी पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन घालणे हा काही वेडेपणा नव्हता. अर्ध्या देशाच्या टॅक्सी तशाच धावत. "घालून टाकू," भाऊजी म्हणाले. "डिझेल खाईन, कमी खाईन. मागची सीट काढली तं चार पोती कोंडा बसते. निदान गिरणीच्या कामाले तं येईन."

मी या कल्पनेला आंधळा विरोध केला, हे साफ खोटे आहे. मी तिचा विचार केला, आणि आमच्यांत नीट विचार केलेला मी एकटाच होतो. टेप घेऊन दोन्ही इंजिने मीच मोजली. डिझेलचे डोके बॉनेटच्या वर येत होते. म्हणजे बॉनेटला चौकोनी भोक पाडून वर टोप बसवावा लागणार. खालचा आडवा लोखंडी दांडा कापावा लागणार, कारण तेलाचे पात्र त्यावर आदळत होते. वजन दुप्पट, म्हणजे पुढच्या स्प्रिंगा बैलगाडीच्या जाडीच्या. मिस्त्री म्हणाले ते सगळे होईल, आणि त्यांच्याकडून ते झालेच असते. पण तो दांडा एकदा कापला की परत जोडला तरी गाडी सरळ धावणार नव्हती, हेही त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितले. कुठे कापायचे त्या खुणा मी स्वतः खडूने आखल्या. आखताना माझ्या मनात गाडीचा विचार कमीच होता. गाडी कापली की मी इंजिन न ओळखता आणले यावर शिक्का बसणार होता, आणि चावी भाऊजींच्या कमरेला कायमची राहणार होती. पण न कापता ठेवली तरी ती काळा धूर ओकत तिथेच उभी राहणार आणि रोज तेच सांगणार. मी होकार दिला. दसऱ्याच्या सकाळी, मुहूर्तावर, मिस्त्री गॅसचा कटर घेऊन येणार असे ठरले.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी पट्टा उतरतो. यंत्रे धुऊन पुसून त्यांना कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत कुठल्याही औजाराला हात लावत नाहीत. रहीम मिस्त्रीही आपल्या पेटीला त्या दिवशी कुलूप लावीत; सगळा बाजार लावतो म्हणून त्यांचे वडील लावीत आले होते. पण आमच्या गिरणीची आणखी एक रीत होती. पूजेपूर्वी प्रत्येक यंत्राचे पोट रिकामे करायचे. धान टाकण्याच्या तोंडापासून कोंडा पडण्याच्या फटीपर्यंत एक दाणाही आत राहता कामा नये. मायचे म्हणणे असे की उष्ट्या तोंडाने कोणी पूजेला बसत नाही. मग यंत्राने का बसावे?

त्या दिवसाची शांतता मला अजून आठवते. गिरणी बंद, पण आम्ही मात्र सवयीने ओरडत होतो, आणि मायने कढईत सोडलेल्या लाखोळीच्या डाळीच्या वड्यांविषयी जे बोलणे चालले होते ते पार चौकापर्यंत गेले असणार. सुवारी, म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या, परातीत फुगत होत्या. मी गाडीवर बादल्या ओतत होतो. उद्या कापायची असली तरी आज तिची पूजा होणार होती. माय कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"तोंड धुतलं का इचं?"

"धुतलं ना, माय. हे का."

"हे नाक हाये. तोंड कुठी हाये इचं? ही हवा कुठून घेते?"

मी बॉनेटच्या मधल्या उंचवट्याकडे बोट दाखवले. ती एक फुगीर पट्टी होती, शोभेची असावी अशी. समोरून ती बंद होती. माय वळसा घालून काचेच्या बाजूला गेली, वाकली आणि म्हणाली, "इकडून उघडी हाये रे. आन हे उष्टं हाये."

फट काचेकडे तोंड करून होती, म्हणून ती आजवर कोणाच्या नजरेस पडली नव्हती. मी हात घातला. ओला भुसा मुठीत आला. दुसरी मूठ, तिसरी. हात कोपरापर्यंत गेला तरी भुसाच. आत एक पत्र्याची नळी लागली. ती उजवीकडे उतरत होती, मडगार्डच्या पोटात, जिथे ती वाकडी नळी नाहीशी होत असे तिथेच. मी चाक वळवून खाली आडवा झालो. तिथे, चिखलाच्या थरामागे, एक काळा डबा होता. त्याच्या झाकणाला स्प्रिंगच्या कड्या होत्या. पान्याची गरज नव्हती, आणि म्हणून नवमीचा नेमही मोडणार नव्हता. ही शंका भाच्याने एकदा भर मांडवात काढली, म्हणून सांगतो. बोटांनी कड्या सोडल्या. झाकण निघाले.

आत धान उगवले होते. पंख्याने भुशाबरोबर फेकलेले कच्च्या धानाचे अख्खे दाणे, पावसाचे पाणी आणि अंधार, यांनी मिळून त्या डब्यात दाट, पिवळट, बोटभर उंचीची रोपे वाढवली होती. गाळणीच्या कागदात त्यांची मुळे विणली गेली होती. गाडीला श्वास घ्यायला सुईएवढी जागा उरली नव्हती. ज्या देशात धूळ नाही म्हणून आम्ही समजत होतो, त्या देशाच्या लोकांनी चांगली हातभर लांबीची गाळणी बसवली होती, आणि आम्ही तिच्यात रोपवाटिका केली होती.

माय देवघरातल्या घटाकडे पाहून आली. तिथेही नऊ दिवसांचे धान असेच पिवळे उगवले होते. मग ती पदर तोंडाला लावून हसू लागली. "पाय रे बापा, इनंही घट बसवला. आपल्याले न सांगता."

भाऊजी दारातून पाहत होते. ते जवळ आले, डबा हातात घेतला आणि म्हणाले, "अरे बाप." एवढेच. दोष त्यांनी ओळखला या हकिकतीचा सगळा आधार हे दोन शब्द आहेत. तोंड शोधले मायने, डबा शोधला मी. तिसरा भागीदार नाही.

पण इंजिन त्या दिवशी सुरू करता येणार नव्हते. तोवर गाडीला कुंकू लागले होते, माळ पडली होती. मी मायला विनवले, नुसते एकदा फिरवून पाहतो. "पूजेतल्या देवाले उठवून पायतेस का, झोपला का जागा हाये?" ती म्हणाली, आणि विषय संपला. रिंग खरोखरच गेलेल्या असल्या तर? धान काढूनही धूर तसाच राहिला तर? मी वडे खाल्ले नाहीत. एवढी पंगत मांडलेली आणि मी पाणी पिऊन उठलो.

दसऱ्याच्या सकाळी रहीम मिस्त्री हातगाडीवर गॅसची टाकी लादून आले. घट हलले होते, आरती झाली होती. मी गाळणी धुऊन उन्हात वाळवलेली, डबा पुसून बसवलेला. किल्ली फिरवली. दोनदा ती नुसती खोकली आणि भुशाची एक फुंकर सोडली. तिसऱ्यांदा लागली. मिस्त्री मागे गेले, धुरासाठी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले, कारण धूर नव्हता. बाबूजींनी बॉनेटवर तळहात ठेवला. डोळे मिटले. पाय दाबण्याची खूण केली, मी दाबला. पुन्हा केली, पुन्हा दाबला. त्यांचा चेहरा मी समोरच्या काचेतून पाहत होतो आणि त्यावर मला काहीही वाचता आले नाही.

"रिंगा?" त्यांनी मिस्त्रींना विचारले.

"रिंगा तं साबूत हाय, बाबूजी," मिस्त्री उठत म्हणाले. "माझीच अक्कल घासली. विलायतेत धूळ हाय म्हणायची." आणि टाकीकडे पाहून, "आता एवढी वाहून आणली, तं कोणाचं फाटक-बिटक जोडून देतो."

बाबूजी आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या टोपीत, कानावर, दसऱ्याला खोचतात ती रोपे होती. पण घटातली नव्हेत. घटातली सरळ वाढलेली होती. ही वाकडी, कागदाचे तुकडे मुळांना चिकटलेली, गाडीच्या डब्यातली होती. ते गुडघे दुमडून बाजूच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चाल. खाणीच्या चढावर."

तो चढ आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. वर थांबलो, तेव्हा त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "बरोबर पाहिलं होतं तू." परतल्यावर त्यांनी भाऊजींना बोलावून सांगितले: करडीच्या लोकांना धान कुटायला इतक्या लांब यावे लागते; ते डिझेल इंजिन तिकडे न्या, धान सोलायचे हलर बसवा, तुमच्या नावाने चालवा. भाऊजींनी कमरेची चावी सोडून बाबूजींच्या हातात दिली, आणि मी शपथेवर सांगतो की त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याहून जास्त सुटका होती. सासऱ्याच्या घरी राहून त्यांनी दोन वर्षे मान खाली घालून जेवण केले होते. हे मला त्या क्षणी कळले. करडीची ती गिरणी त्यांनी नावारूपाला आणली, हेही लिहून ठेवतो, कारण ते खरे आहे.

बाबूजींनी इंजिनघराची ती चावी माझ्या हातात दिली आणि सगळे आपापल्या कामाला गेले. मी गाडीतच बसून राहिलो. थोड्या वेळाने माय कालच्या वड्यांचे ताट घेऊन आली आणि तिने काचेवर टिचकी मारली. "दार उघड. का आता तेही बंद पडलं?" ती बाजूला बसली, मी स्टीअरिंगमागे बसून ताट संपवले. मी त्या दिवशी गाडीत बसून रडलो, असेही कोणी कोणी सांगतात. वडे मिरचीचे होते. माय शेजारी बसून सगळे पाहत होती. साक्षीला आता ती नाही, पण माझी साक्ष पुरेशी आहे.